बिनकाट्यांची बाभूळ

थंडी पडली की मी जास्त संशयी होते. एरवीही आहेच, उगाच खोटं कशाला सांगू? दूधवाला दूध ओततो तेव्हा मी पातेल्याकडे बघत नाही, त्याच्या मापाच्या तळाकडे बघते. भाजीवाल्यानं "माताजी, ये तो आपके लिए अलग रखी थी" म्हटलं की ती वेगळी ठेवलेली मेथी मी हातातसुद्धा धरत नाही. पण मार्गशीर्ष लागला, सकाळी नळाचं पाणी बोटांना चावायला लागलं, दहा वाजता गच्चीवर पाठ शेकत बसावंसं वाटायला लागलं, की हा स्वभाव आणखी वर येतो. सून म्हणते, "आई, लोकांचे थंडीत गुडघे दुखतात, तुमचा संशय दुखतो." मी हसते. पोरीचं काही चुकत नाही.

परवा कॉलनीत रोपांचा ठेला आला होता. गुलाब, शेवंती, आणि कोपऱ्यात एका काळ्या पिशवीत हातभर उंचीचं एक रोप. पानं बारीक, लाजाळूसारखी, पण रंग असा की हिरव्यावर कुणी राख भुरभुरली असावी. ठेलेवाला म्हणाला, "ले जाओ माताजी, विलायती है. बारह महीने हरा रहेगा, ठंड में पीला फूलेगा." मी चष्मा पुसला. रोप उचलून खोडावरून वर-खाली बोट फिरवलं. काटा नव्हता. मग त्याला विचारलं, "भिया, ये मरता किस से है?" तो म्हणाला, "माताजी, लोग पूछते हैं जिएगा कैसे. आप पहली हो." मी रोप जागेवर ठेवलं आणि घरात आले.

त्याला काय सांगणार? मला माहीत होतं ते कशानं मरतं.

आमचं घर तेव्हा इंदूरच्या छत्रीबागेत होतं, खान नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत. माझे बाबा दरबारच्या बागेचे दरोगा होते, म्हणजे माळ्यांवर देखरेख करणारे. पणजोबा होळकरांच्या फौजेबरोबर इकडे आले, आजोबा कचेरीत चिकटले, आणि बाबा रमले झाडांत. मग राजे गेले, मध्य भारत हे नवं राज्य झालं. सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला राहायला लागलं, फायलींच्या पेट्या आगगाडीनं जायच्या नि यायच्या. या सगळ्या धामधुमीत कुणाच्या तरी लक्षात आलं की बागेला माळी लागतात, दरोगा लागत नाही. बाबांना पेन्शन देऊन घरी बसवलं. ते घरी आले तेव्हा त्यांच्या हातात छत्री, एक जुनी कात्री आणि बियांची एक पुडी होती, निलगिरीच्या डोंगराकडून दरबारच्या बागेसाठी मागवलेली आणि तशीच राहून गेलेली.

बाबांनी ते बी उकळत्या पाण्यात टाकलं. आई चुलीपाशी होती, ती ओरडलीच, "अहो, लावायचंय की शिजवायचंय?" बाबा म्हणाले, "याची सालच तशी आहे. भाजल्याशिवाय जागं होत नाही." पाच बिया पेरल्या, एक उगवली.

त्या एका रोपासाठी बाबांनी जे केलं ते आम्हा पोरांसाठीही केलं नसेल. घरामागे तिन्ही बाजूंनी भिंती असलेलं छोटंसं आवार होतं, गल्लीकडून आत यायला त्याला एक फाटक होतं. उत्तरेची भिंत थंड वारा अडवायची, पश्चिमेला शेजाऱ्यांचं दुमजली घर होतं, ते वैशाखातली लू, म्हणजे तापलेलं वारं, अडवायचं. आपली काळी माती पाणी धरून बसते, त्यात या झाडाची मुळं कुजतात, म्हणून बाबांनी विटांचा कमरेइतका उंच हौद बांधला आणि तो मुरूम, नदीची वाळू आणि पालापाचोळ्याच्या खतानं भरला. उन्हाळ्यात वरून तट्ट्या, थंडीत रात्रीपुरती चटई. पाणी मोजून, आठवड्यातून एकदा. "हे लाडावलेलं झाड नाही," ते म्हणायचे, "याला फक्त आडोसा पाहिजे." मी तेव्हा अकरा वर्षांची होते, आणि मला वाटायचं की बाबांनाही तेवढंच पाहिजे.

झाडाबद्दल पहिला संशय घेतला तो भेरूलालजींनी. ते दरबारच्या बागेतले माळी. वीस वर्षं बाबांच्या हाताखाली काम केलेलं, मूळ गाव सांवेरकडचं. त्यांची नोकरी टिकली होती. तरी दर रविवारी सकाळी डोक्यावर खताची टोपली घेऊन आमच्याकडे यायचे, बाबांना पूर्वीसारखाच मुजरा करायचे आणि पूर्वीसारखेच जमिनीवर उकिडवे बसायचे. रोपाला पहिली पानं फुटली तेव्हा त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बाबूसाब, यो हे तो बबूल ई. घर का आंगणा में बबूल नी लगावे."

"याला काटे नसतात, भेरूलाल."

"अभी नी हे," ते म्हणाले. बस, एवढंच.

तेवढं पुरलं. आईच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. दारात काटेरी झाड म्हणजे घरात भांडण, हे तिला माहेरापासून ठाऊक. ती रोज तुळशीला पाणी घालून झालं की त्या रोपापाशी जायची आणि बाबांचं लक्ष नाही असं पाहून खोड चाचपायची. मीही चाचपायची. शेजारच्या बायका यायच्या त्याही बोलता बोलता हात फिरवून बघायच्या. झाड वाढत होतं, काटा काही येत नव्हता, आणि जसजसा येत नव्हता तसतसा सगळ्यांना तो पुढे येणार याची खात्री वाटत होती. माणसाचं असंच असतं. चांगलं दिसलं की आपण त्याचं वाईट कुठे लपलंय ते शोधायला लागतो.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर झाड भिंतीच्या वर गेलं आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे झुबके धरले, राळ्याच्या दाण्याएवढ्या बारीक बारीक कळ्या. बाबा त्या सकाळी दोनदा चहा प्यायले. मग म्हणाले, "माघात फुलेल." बागखात्याचे नवे साहेब माघात दौऱ्यावर इंदूरला येणार होते. या साहेबांनीच एकदा बाबांना म्हटलं होतं की हे झाड माळव्यात जगणार नाही, फुलायचं तर सोडाच. बाबांना त्यांच्यापुढे फुललेली फांदी ठेवायची होती. अर्ज नाही, विनंती नाही, नुसती फांदी. आपल्याला परत बागेत घेतील अशी आशा होती त्यांना. ते तसं बोलत नसत, पण कपाटातला जुना कोट त्यांनी उन्हात टाकला होता.

आता गल्लीतलं येणारं-जाणारं माणूस आवारात डोकवायला लागलं. "वा, क्या झाड है!" "काय हो दरोगासाहेब, चांदीचं झाड लावलंत की काय!" आणि इथूनच सगळं फिरलं.

आईनं दृष्ट काढायला सुरुवात केली.

मुठीत जाडं मीठ, चार मोहऱ्या, झाडाभोवती सात वेळा हात फिरवायचा, ओठांतल्या ओठांत "आल्यागेल्याची, पाप्याची, चांडाळाची, घरच्याची, दारच्याची..." म्हणायचं. हे काही नवं नव्हतं, आम्हा भावंडांची ती अशीच काढायची, आणि मग त्या मीठमोहऱ्या चुलीत टाकायची. तडतड वाजलं की दृष्ट जळली. पण आताशा बाबा दिवसभर घरात असायचे आणि त्यांना हे प्रकार मुळीच खपायचे नाहीत. "माझ्या झाडाला खत लागतं, मंत्र लागत नाहीत," असं त्यांनी एकदा बजावलेलं. चुलीत टाकलं तर वास येणार, आवाज होणार. म्हणून आई ते मीठ तांब्याभर पाण्यात विरघळवायची. पण पाणी ओतायचं कुठे? उताऱ्याचं पाणी रस्त्यात टाकलं तर कुणीतरी ते ओलांडणार आणि ती पीडा त्याला लागणार. मोरीत टाकलं तर भांडीवाली त्यावर पाय देणार. माझी आई फार पापभीरू होती. दुसऱ्याच्या लेकराला आपली पीडा नको, म्हणून जिथे कुणाचंच पाऊल पडत नाही अशी जागा तिनं शोधली. घरात तशी एकच जागा होती. बाबांच्या झाडाचा तो विटांचा हौद.

मी दारात उभी राहायची. "कुसुम, बाबा येतात का बघ," एवढंच माझं काम. मला ते फार आवडायचं, खरं सांगते. आई आणि मी, आमचं दोघींचं एक गुपित.

मार्गशीर्षात खालच्या पानांची टोकं तपकिरी झाली. बाबांनी आधी थंडीला दोष दिला, चटईवर आणखी एक गोणपाट टाकलं. मग कीड शोधली, भिंग घेऊन. मग एके दिवशी कळ्यांचा एक झुबका न फुलताच गळून पडला. तो तळहातावर घेऊन बाबा म्हणाले, "कुणीतरी काहीतरी करतंय."

त्या वाक्यानंतर आमच्या घरात कुणी मोकळेपणानं श्वास घेतला नाही. बाबा खिडकीशी वर्तमानपत्र धरून बसायचे, पण पान उलटल्याचा आवाज यायचा नाही. आवाराच्या फाटकाला त्यांनी काळा दोरा बांधला, कुणी उघडलं तर तुटावा म्हणून. हौदाभोवती चुलीतली राख चाळून पसरली आणि सकाळी उकिडवे बसून पावलं बघितली. पावलं होती. त्यांची स्वतःची, माझी, आईची. "घरचीच आहेत," ते म्हणाले आणि राख पुन्हा सारखी केली. मला आजही त्या राखेचं आश्चर्य वाटतं. इतका बारीक बघणारा माणूस, आणि घरच्यांची पावलं त्याला पावलं वाटलीच नाहीत.

आई आणखी घाबरली. तिला वाटलं, दृष्ट भलतीच जबर आहे. आधी शनिवारी काढायची, मग मंगळवारीही, मग कुणी झाडाकडे नुसतं मान वर करून पाहिलं तरी. मूठ मोठी झाली. जेवढी पानं जळत तेवढं मीठ वाढे, आणि जेवढं मीठ वाढे तेवढी पानं जळत. कुणाला काय सुचणार? मीठ वाईट असतं असं आम्हाला कोण शिकवणार होतं? ज्या घरी खाल्लं त्याला जागावं, एवढंच आम्हाला मिठाबद्दल माहीत.

आणि संशयाला तर माणूस लागतोच. तो हवेत राहत नाही. शेजारी झाले, दूधवाला झाला, गल्लीतली बकरी झाली, आणि शेवटी तो भेरूलालजींवर येऊन बसला. तोच पहिल्या दिवशी नको म्हणाला होता. तोच दर रविवारी हौदात हात घालत होता. त्याचीच नोकरी टिकली होती. हे तिसरं कारण बाबा बोलले नाहीत, पण मी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं, आणि मला भीती वाटली.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी झाड पार सुकलं होतं. बाबांनी हौदाची एक वीट काढली. आतली माती कडेनं पांढरी झालेली, भिंतीला लोणा लागतो तशी. त्यांनी ती मूठभर उचलली. चाखायची गरजच नव्हती. "मीठ," ते म्हणाले. "झाडाला मीठ घातलंय."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्या शेजारी. तिचा हात माझ्या खांद्यावर होता. तो एकाएकी इतका जड झाला की मी वर पाहिलं. तेव्हा तिला कळलं, आणि तिच्या तोंडाकडे बघून मला कळलं.

नेमके त्याच वेळी भेरूलालजी खताची टोपली घेऊन आत आले. बाबांनी ती माती त्यांच्या पायांपुढे फेकली. गल्लीतली चार माणसं आवाज ऐकून फाटकात जमा झाली. "वीस वर्षं हाताखाली घेतलं मी तुला! हे काय आहे? बोल, हे काय आहे?" भेरूलालजींनी टोपली खाली ठेवली. वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवली. मग मान वर केली, आणि बाबांकडे नाही, सरळ आमच्या दाराकडे पाहिलं. आईकडे, तिच्या उतरलेल्या चेहऱ्याकडे. पापणी लवायच्या आत परत खाली पाहिलं.

"लूण हे, बाबूसाब," ते म्हणाले. "म्हारा खात में आयो होगा. तबेला को खात थो. गलती हुई गी."

खोटं होतं ते. तबेल्यात जनावरांना मीठ देतात हे खरं, पण त्यानं हौद पांढरा होत नाही. बाबांनाही ते कळायला हवं होतं, ते दरोगा होते. पण त्यांना माणूस सापडला होता. "पुन्हा या दारात दिसू नकोस," ते म्हणाले. माळ्यानं रागापोटी झाड मारलं, ही गोष्ट दोन-तीन दिवसांत गल्लीतून बागेपर्यंत पोहोचली. माळ्याच्या जातीला यापेक्षा वाईट नाव नाही. उभ्या आयुष्यात ज्यानं कुणाची फांदी विनाकारण तोडली नाही, त्याला लोक "लूणवाला" म्हणून हाक मारायला लागले.

आई तेव्हा बोलली नाही. मी तिला बरीच वर्षं त्यासाठी मनातल्या मनात बोल लावला. आता लावत नाही. बोल लावायला स्वतःचं तोंड स्वच्छ लागतं.

चार दिवसांनी हळदीकुंकवाला जाते असं सांगून तिनं मला बरोबर घेतलं, आणि आम्ही नदीपलीकडे भेरूलालजींच्या खोलीवर गेलो. तिथे आई पहिल्यांदाच जात होती. ते दारात कुदळीचा दांडा तासत बसले होते. आईला पाहून ताडकन उठले, डोक्याला पागोटं नव्हतं ते शोधायला लागले. आई रडतच म्हणाली, "मी सांगते त्यांना, भेरूलालजी. आजच सांगते. माझ्यामुळे तुमचं नाव गेलं."

"नी, बाईसाब." ते हात जोडून उभे राहिले. "बाबूसाब म्हारा से लडी के जी लेगा. तमारा से लडी के कठे रेगा?"

आईनं पदराच्या गाठीतून तिळगूळ काढून त्यांच्या हातावर ठेवला. "तिळगूळ घ्या," म्हणाली. पुढचं तिला म्हणवेना. त्यांनी तो कपाळाला लावला आणि खिशात ठेवला.

आम्ही परत आलो. बाबांनी विचारलं, "झालं का हळदीकुंकू?" आई "हो" म्हणाली. माघात साहेब येऊन गेले, बाबा भेटायला गेले नाहीत. कोट परत कपाटात गेला. नंतर आईनं कुणाचीच दृष्ट काढली नाही, माझ्या मुलांचीसुद्धा नाही. मी एकदा आग्रह केला तर म्हणाली, "माझ्या हाताला नको ते काम." तिच्या मनात दुसरंही काहीतरी होतं. बाबांना सगळं माहीत आहे आणि ते मुद्दाम गप्प आहेत, असा तिला आयुष्यभर संशय होता. त्यांनी भाजीत मीठ जास्त झालं म्हटलं तरी ती पांढरीफटक पडायची.

मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला, राजधानी भोपाळला गेली. मी लग्न होऊन याच शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. आई गेली. बाबा तिच्यामागे सहा वर्षं राहिले. शेवटच्या थंडीत त्यांना दिसत नव्हतं, फक्त उजेड-अंधार कळायचा. मी त्यांच्याजवळ जाऊन राहिले होते. दुपारची वेळ होती, त्यांच्या पायांवर ऊन पडलं होतं. दार ढकलल्याचा आवाज आला, आणि उंबऱ्याबाहेर भेरूलालजी उभे. पार वाकलेले, हातात काठी. बाबूसाब आजारी आहेत असं कुणाकडून तरी ऐकून आले होते. चपला त्यांनी बाहेरच काढल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. त्यांना एवढ्या वर्षांनंतरही बाबांचा शब्द आठवत होता. ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले.

"कोण आलंय गं, कुसुम?" बाबांनी विचारलं.

मी तेव्हा दोन मुलांची आई होते. कुणाला भिण्याचं कारण नव्हतं. आईला आता कोण काय बोलणार होतं? मीठ आईनं घातलं होतं, बाबा, आणि राखण मी करत होते. एवढं एक वाक्य. बाबांनी मान वळवली असती, हात पुढे केला असता, किंवा केला नसता. मी तोंड उघडलं. आणि मनात आलं, बाबांना हे आता सांगितलं तर ते मरताना आईवर रागावतील. मग आलं, भेरूलालजी आज इथे कशाला आलेत? सांगायला तर नाही ना? देवा, ज्या माणसानं आमच्यासाठी नाव घालवलं, त्याच्यावर मी उंबऱ्यात संशय घेतला.

"कोणी नाही, बाबा," मी म्हणाले.

भेरूलालजींचे कान शाबूत होते. मी बरोबर उत्तर दिल्यासारखी त्यांनी मान हलवली, वाकून चपला पायांत घातल्या, आणि आवाज होऊ नये म्हणून दार हळूच ओढून घेतलं.